इंजिन गार असताना

पुश रॉड दोन बोटांत फिरला पाहिजे. समईसाठी वात वळताना कापूस फिरतो तितक्या सहज. पण तोच रॉड वरखाली करून पाहिला तर जराही हलता कामा नये. जुन्या बुलेटचं टॅपेट सेटिंग म्हणजे एवढंच, आणि ते मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी बाबांनी शिकवलं. मी तेव्हा आठवीत होते. गाडी रात्रभर उभी राहून पुरती गार झालेली असायची. रविवारी सकाळी चहाच्याही आधी बाबा सिलिंडरच्या बुडाशी असलेलं छोटं झाकण उघडायचे आणि मी बॅटरी धरून शेजारी उकिडवी बसायची. आत दोन रॉड, प्रत्येकाच्या पायथ्याशी एकावर एक तीन षट्कोन. खालचा धरून ठेवायचा, मधला लॉक नट सैल करायचा, वरचा फिरवायचा. बाबा अंग मागे घेऊन म्हणायचे, "आता तू बघ." मी दोन बोटं आत घालायची. त्या वयात शाळेतल्या कुठल्याच परीक्षेला मी इतकी गंभीर होऊन बसले नसेन.

बाबा गेले आणि गाडी दोन वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहिली. १९८७ची बुलेट, ३५०. उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक. ती विकावी असं घरात कुणी स्पष्ट म्हटलं नाही, पण उभ्या गाडीचं काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. टायर बसले, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास यायला लागला, कार्बोरेटर चिकटला. बाबांचे मेस्त्री अजून आहेत, त्यांचा हात अजून तसाच आहे, त्यांच्याकडे गाडी टाकली असती तर आठवड्यात चालू होऊन आली असती. तरी मला ती माझ्या हातांनी चालू करायची होती. बाबांसोबत ज्या वस्तूचं पोट मी उघडून पाहिलं होतं अशी ती एकच वस्तू घरात होती.

आणि मला येत होतं ते एकच काम. बाकी सगळ्यासाठी पुस्तक हवं होतं.

मॅन्युअल निवडणं हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. सुरुवातीला मला वाटलं होतं की गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार पुस्तक हातात ठेवेल. पुस्तकं बरीच निघाली, आणि प्रत्येकाने आपला वाचक वेगळा धरलेला होता. गाडीच्या पेटीत बाबांनी जपलेली मालकाची पुस्तिका होती. तिच्यात तेल किती घालायचं, टायरमध्ये हवा किती, प्लग कसा साफ करायचा इथपर्यंत सगळं नीट, आणि त्यापुढे प्रत्येक पानाच्या तळाशी जवळच्या विक्रेत्याकडे जाण्याची सूचना. त्या पुस्तिकेचा वाचक गाडी चालवणारा आहे. तो गाडी उघडणार नाही असं तिने मनाशी ठरवलेलं आहे, आणि तिच्या जागी ते योग्यच आहे.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात वर्कशॉप मॅन्युअलची स्पायरल बांधलेली झेरॉक्स मिळाली. अशा पुस्तकाचा वाचक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याच्या पाठीमागे भिंतीवर खास अवजारं टांगलेली असतात आणि प्रत्येक अवजाराला नंबर असतो. अमुक नंबरच्या पुलरने मॅग्नेट काढा, तमुक नंबरच्या जिगमध्ये क्रँक धरा. तो पुलर माझ्या पार्किंगमध्ये येणार कुठून? पण हे पुस्तक मापांना पक्कं असतं. झीज किती चालेल आणि किती झाली की भाग बदलायचा, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं कुठलं पुस्तक सांगत नाही. अवजारांच्या नंबरांकडे पाहून मी ते पहिल्या दिवशी बाजूला ठेवलं आणि महिन्याभराने परत काढलं.

त्याच दुकानात दुचाकी दुरुस्तीचं एक स्वस्त पुस्तकही होतं. मोपेडपासून स्कूटरपर्यंत सगळ्या गाड्या दोनशे पानांत. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांना त्याचा उपयोग असेल. नट हातात धरून बसलेल्या माणसाला नाही.

मग मी एक पद्धत काढली, आणि आजही कुणी मला विचारलं तर मी हीच सांगते. पुस्तक हातात आलं की अनुक्रमणिका पाहायची नाही. जे काम आपल्याला स्वतःला येतं त्याचं पान उघडायचं. मी थेट टॅपेटवर जायची. माझ्या बोटांना जे माहीत आहे ते या पुस्तकाला माहीत आहे का? मधला नट सैल करताना खालचा धरून ठेवावा लागतो, नाहीतर सगळंच गरगर फिरतं, हे लिहिलंय का? शेवटी लॉक नट कसला की सेटिंग किंचित हलतं, म्हणून रॉड परत फिरवून बघायचा असतो, हे लिहिलंय का? जे लिहिणाऱ्याने स्वतः केलेलं असतं तिथे असं एखादं वाक्य येतंच. ज्याने दुसऱ्या पुस्तकावरून उतरवलेलं असतं त्याच्याकडे क्रम बरोबर असतो, पण नेमकं ते वाक्य नसतं. येणाऱ्या कामाच्या पानावर जे पुस्तक खरं ठरतं, त्याच्यावर न येणाऱ्या कामासाठी भरवसा ठेवता येतो. मला तरी दुसरा मार्ग सुचलेला नाही.

हे सगळं चालू असताना मला जॉन हेन्स या माणसाची गोष्ट वाचायला मिळाली. जन्म १९३८चा, आपल्या शेजारच्या सिलोनमध्ये, चहाच्या मळ्यावर. पुढे इंग्लंडमध्ये शाळेत असताना त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून स्वतःची गाडी बांधली आणि ती कशी बांधली याची पुस्तिका काढली. १९६५ साली तो ब्रिटिश हवाई दलातर्फे एडनला होता. तिथे एका सहकाऱ्याने मोडकळीला आलेली ऑस्टिन हिली स्प्राइट घेतली आणि हेन्स मदतीला गेला. कारखान्याचं अधिकृत मॅन्युअल उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यासाठी लिहिलेलंच नाही. मग त्याने गाडी खोलताना आणि जोडताना पायरीपायरीला फोटो काढले. त्यातून १९६६ साली पहिलं हेन्स मॅन्युअल आलं. पुढे त्याच्या कंपनीने शेकडो मोटारी आणि मोटरसायकलींची मॅन्युअलं काढली, पण धर्म तोच ठेवला: गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची, आणि मग लिहायचं. प्रत्येक कामापुढे पान्यांची चित्रं असत. एक पाना म्हणजे नवख्याला जमेल, पाच पाने म्हणजे जाणकारानेच हात घालावा. हेन्स २०१९ साली वारला.

पाच पाने छापणं मला फार प्रामाणिकपणाचं वाटतं. वाचकाला मूर्ख न ठरवता "इथे थांब" असं सांगायचं, आणि कारण तुझ्या धीटपणात नाही, कामात आहे, हे त्याला कळू द्यायचं, याला माया लागते.

आणि मला आठवली आमच्या स्वयंपाकघरातली 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. शिक्षण म्हणाल तर जेमतेम प्राथमिक शाळेचं, पण हात आयुष्यभर स्वयंपाकात. मापं वाटीची आणि चमच्याची, कारण मराठी घरात तराजू ओट्यावर नसतो, वाटी असते. आईच्या प्रतीतलं अनारशांचं पान तुपाने पारदर्शक झालंय आणि लोणच्यांच्या पानांवर हळदीची बोटं आहेत. मराठीतलं सगळ्यात यशस्वी मॅन्युअल कुठलं असं विचारलं तर मी बिनदिक्कत त्याचं नाव घेईन. एडनमधला हेन्स आणि आपल्या कमलाबाई यांची गाठ पडली असती तर भाषा आड आली असती, पण एकमेकांची पुस्तकं दोघांना लगेच कळली असती.

जुन्या बाजारात मी गेले ती या हळदीच्या बोटांमुळे. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी तो भरतो. तिथे जुनी कुलपं, घड्याळं, फुटके कॅमेरे यांच्यामध्ये एकाने पुस्तकं मांडली होती, आणि त्यांत इंग्लंडमधल्या रेडिचच्या जुन्या बुलेटवरचं एक इंग्रजी मॅन्युअल होतं. प्रती दोन. एक कोरी, एकीची पाठ सुटलेली आणि मधली पानं तेलाने काळी. विक्रेत्याने कोरी पुढे केली. मी काळी घेतली. तिच्यात पॉइंट आणि टायमिंगच्या पानांवर सगळ्यात जास्त डाग होते, त्याखालोखाल क्लचवर, आणि गिअरबॉक्सचं प्रकरण स्वच्छ. कुणा अनोळखी माणसाच्या गाडीने काय काय मागितलं याचा तो नकाशाच होता. माझी गाडीही पुढे बरोबर त्याच क्रमाने मागत गेली.

पुस्तक इंग्लंडचं आणि गाडी मद्रासची, मग ते चालेल कसं? बरंच चालतं. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी रेडिचहून आलेले भाग जोडले जात, पुढे साचे आणि यंत्रंही इकडे आली आणि गाडी इथेच घडू लागली. १९७०च्या सुमाराला इंग्लंडमधलं काम थांबलं, आपल्याकडचं चालू राहिलं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. हा सांगाडा तिकडचा आणि इकडचा एकच. त्या पुस्तकातलं पिस्टन वर येण्याच्या एक बत्तिसांश इंच आधी पॉइंट उघडायचं माप मी माझ्या गाडीला लावलं आणि ते बसलं. झेरॉक्समध्ये तेच ०.८ मिलिमीटर असं होतं. पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरायचा, हलके ओढत राहायचं, आणि तो सुटला की तो क्षण. बाबा सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्या पेटीत त्या कागदाची चळत कशाला होती हे मला त्या दिवशी कळलं. मी पान मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पण सांगाडा एक म्हणजे सगळं एक नव्हे. त्या पुस्तकात अमलचा कार्बोरेटर, माझ्या गाडीवर मिकार्ब. जेटचे सगळे नंबर निरुपयोगी. आणि नटांनी तर मला चांगलाच धडा दिला. एका नटाला मी १३चा पाना लावला, चढेना. १४चा लावला, चढला, जरा सैल वाटला, तरी मी जोर दिला आणि पाना घसरून नटाचे कोपरे गोल झाले. बोटाची सालं गेली ती वेगळीच. मेस्त्रींकडे गेले. त्यांनी नट पाहिला, काही न बोलता खणातून एक काळा पाना काढला. त्यावर पाव इंच असं कोरलेलं.

"ताई, हा इंचाचा आहे. तुमच्या गाडीत दोन्ही आहेत. काही जुने इंचाचे, काही मिलिमीटरचे, आणि साहेबांनी मधे बदललेले वेगळे."

"पण मेस्त्री, याचं तोंड पाव इंचाहून कितीतरी मोठं आहे."

"आकडा तोंडाचा नाही. बोल्टच्या जाडीचा."

हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मिलिमीटरच्या पान्यावर तोंडाचं माप असतं, १३ म्हणजे १३ मिलिमीटर. व्हिटवर्थच्या जुन्या ब्रिटिश पान्यावर बोल्टचा व्यास असतो, आणि त्या पाव इंची पान्याचं तोंड भरतं साधारण १३.३ मिलिमीटर. तेराला मोठं, चौदाला लहान. पुस्तक लिहिणाऱ्या इंग्रजाला हे सांगायची गरज वाटली नाही, कारण त्याच्या देशात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रत्येक मॅन्युअलमध्ये अशी न लिहिलेली पानं असतात. ती कुणाकडे आहेत हे शोधावं लागतं, आणि माझ्या बाबतीत ती मेस्त्रींच्या खणात होती. त्यांनी आयुष्यात मॅन्युअल उघडलेलं नाही. म्हणून मी पुस्तकं गोळा करते याचं त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. उलट त्यांनी ती काळी प्रत मागून घेतली, चित्रं पाहत राहिले, आणि क्लचच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे वायसर इथे असतंय? आम्ही आजवर पुढे टाकत आलो."

चित्रांबद्दल थोडं सांगायलाच हवं. सुट्या भागांच्या यादीचं एक पुस्तक असतं. त्यात दुरुस्तीचा एक शब्द नसतो, नुसते भाग आणि त्यांचे नंबर. पण त्यातली चित्रं अशी की जणू प्रत्येक भाग आपल्या जागेवरून सरळ रेषेत बाहेर निघाला आणि हवेत थांबला. आधी काय, मग काय, स्प्रिंग आत की वायसर आत, हे एका नजरेत. तेलाचा फिल्टर बदलताना फेल्टची नळकांडी, तिच्या टोकाचं सील, मागची स्प्रिंग आणि टोपी माझ्या हातातून वर्तमानपत्रावर सांडली आणि क्रम गेला. तिथे चुकलं तर बिग एंडला तेल कमी पडतं आणि इंजिन आतून खाल्लं जातं. वर्कशॉप मॅन्युअलमधली अर्ध्या पानाची सूचना मी तीनदा वाचली, क्रम लागेना. यादीतल्या चित्राने तो लावून दिला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पैसे एकाच पुस्तकाचे असतील तर कमी बडबडीचं आणि चांगल्या चित्रांचं घ्यावं.

फोनवर व्हिडिओ असताना पुस्तक कशाला, असं भाचा विचारतो. व्हिडिओ मी बघते, आदल्या रात्री, हात स्वच्छ असताना. पण नट किती घट्ट करायचा तो आकडा शोधायला व्हिडिओ मागेपुढे करावा लागतो, आणि आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये आहे की न्यूटन-मीटरमध्ये हे माणूस बोलताना गाळतो. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळजवळ दहा न्यूटन-मीटर. अॅल्युमिनियममधले आटे जायला तेवढी गफलत पुष्कळ झाली. छापलेल्या पानावर एकक आकड्याला चिकटून असतं.

शेवटी मी तीन ठेवली: झेरॉक्स मापांसाठी, भागांची यादी क्रमासाठी, आणि ती काळी प्रत समजून घेण्यासाठी. पण तिन्ही इंग्रजीत. आणि काम करताना हात असे बरबटलेले असतात की पान उलटणं शक्य नसतं. कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. बाबांच्या वेळी त्यांच्या डोक्यातच सगळं होतं, बॅटरी धरायला मी होते. आता आई खाली येते. प्लास्टिकची खुर्ची, चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर पुस्तक. तिचं इंग्रजी मॅट्रिकचं. सावकाश वाचते, मग मराठीत सांगते, आणि तिच्या सांगण्यात नकळत 'रुचिरा'ची भाषा येते: नट सैल करून घ्यावा, झाकण हलक्या हाताने काढावे. वाचून दाखवताना जे वाक्य अडखळतं ते लिहितानाच नीट झालेलं नसतं, हेही मला आईमुळे कळलं.

गेल्या रविवारी टॅपेट होते. खरं तर त्याला पुस्तक नको होतं, पण तिला वाचायचं होतं. झेरॉक्समधली पहिलीच ओळ: इंजिन गार असताना करावे.

"का?" आई म्हणाली.

"अगं, तसंच करतात."

"ते लिहिलंय. पण का?"

मला उत्तर देता येईना. इतकी वर्षं रविवारच्या सकाळी ते झाकण उघडताना पाहिलं, स्वतः उघडलं, पण हा प्रश्न मी बाबांना विचारला नव्हता. आईने झेरॉक्स उलटसुलट केली, त्यात काही नव्हतं. मग काळी प्रत घेतली. तिच्यातही छापलेलं कारण नव्हतं, पण टॅपेटच्या पानाच्या कडेला त्या अनोळखी माणसाने पेन्सिलने इंजिनाची दोन चित्रं काढली होती, एक ठेंगणं, एक किंचित उंच, आणि उंचावर रेघोट्यांनी दाखवलेली धग. ते पाहिलं आणि मला एकदम उलगडलं. इंजिन तापलं की बॅरल वाढतं. रॉड त्या मानाने कमी वाढतो, म्हणजे फट मोठी होते. गरम असताना ती फट शून्य केली तर गार झाल्यावर रॉड दाबून बसणार, व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही, कॉम्प्रेशन जाणार. मी हे आईला सांगितलं. ती ऐकत होती तशीच चित्राकडेही बघत होती.

"मग एवढं लिहायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "पाक गार होऊ दे असं सांगितलं की बाई घाईने घालतेच. का ते सांगितलं की थांबते."

मी मधला नट कसला, परत तपासायला हात घातला. आई खुर्ची सरकवून जवळ आली. इतकी वर्षं ही गाडी घरात आहे, पण त्या झाकणाच्या आत तिने कधी पाहिलं नव्हतं. "मी बघू?" तिने पदर खोचला आणि दोन बोटं आत घातली. रॉड फिरवला. परत फिरवला. वरखाली करून पाहिला, हलला नाही.

"हे तर वात वळल्यासारखं आहे गं."

मग तिने बोटं पदराला न पुसता माझ्या चिंधीला पुसली, पिशवीतून वाण्याच्या हिशोबाची वही काढली, मागचं कोरं पान उघडलं आणि वर तारीख घातली. खाली लिहिलं, 'इंजिन गार असताना,' आणि कारण पुढे माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं.